शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक असतें. संस्कृतांत यालाच स्थालीपुलाक-न्याय म्हणतात. पातेल्यांतील एक शीत दाबून पाहिलें व तें शिजलेलें निघालें, कीं सारा भात शिजला असें समजावें. प्रत्येक शीत चेपीत बसण्याचें कारण नाहीं. छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत हा न्याय शिकविला. परंतु त्याच्या पोटांत एक अट दडलेली आहे, ती मात्र निवृत्त झाल्यावर आम्हांला एका यंत्रानें शिकविली. ती अट अशी कीं, सारीं शितें एकाच पातेल्यांतील असलीं पाहिजेत. चुलीवर तीन पातेलीं चढलेलीं असतील, तर एकांतील शितावरून उरलेल्या दोहोंविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती विसरण्याचा दोष आपल्या हातून घडेल असें कोणालाहि वाटणार नाहीं. आमच्या हातून तो घडला, आणि त्याचें प्रायश्चित्त एका निरपराध बाईला भोगावें लागलें. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

2016 सालीं आम्ही शाळेंतून निवृत्त झालों, आणि गांवच्या वाचनालयाचें चिटणीसपण आमच्याकडे आलें. देवघेवीच्या वह्या जीर्ण झालेल्या, कोणता ग्रंथ कोणाकडे आहे याचा मेळ बसेना. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहेत. दिवाळीस घरीं आले असतां त्यांनीं आमची त्रेधा पाहिली व म्हणाले, “काका, हें सारें क्लाउडवर टाकूं. मी करून देतों.” सूनबाईंनीं मान डोलाविली, घरांतील मुलांना आनंद झाला, आणि ओटीवर संगणक मांडून काम सुरू झालें.

क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आभाळांत नसतो. एखाद्या कंपनीच्या विशाल यंत्रशाळांतील संगणक भाड्यानें घ्यावयाचे आणि आपला कारभार त्यांवर चालवावयाचा, इतकाच त्याचा अर्थ. गूगल कंपनीनें एप्रिल 2008 मध्यें ‘ॲप इंजिन’ या नांवानें अशी सोय प्रथम काढली. आरंभीं ती केवळ पहिल्या 10,000 कार्यक्रमकारांपुरती होती, व तिला पायथॉन ही एकच संगणकभाषा समजत असे. पुढें जावा व इतर भाषा आल्या. आमच्या पुतण्यानें वाचनालयासाठीं हीच सोय निवडली. कारण लहान कारभाराला तेथें फारसें भाडें पडत नसे, आणि यंत्राच्या देखभालीची काळजी आपल्यावर राहत नसे.

तीन खात्यांचें एक घर

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना ‘मॉड्यूल’ म्हणजे काय हें समजावयास वेळ लागणार नाहीं. घर एक, पण ओटीचा कारभार निराळा, माजघराचा निराळा, स्वयंपाकघराचा निराळा. पाहुणे ओटीवर वाढले म्हणून स्वयंपाकघरांतील सर्वांनीं ओटीवर येऊन बसावें असें नाहीं. ओटीवरच एक-दोन माणसें जास्त उभीं करावीं. मात्र कोठीघर सर्वांचें एकच. तेथें जें धान्य भरलें असेल तेंच तिघांच्या वांट्यास येणार.

2013 सालीं ॲप इंजिनमध्यें हीच रचना आली. एका ॲप्लिकेशनचीं निरनिराळीं खातीं पाडतां येऊं लागलीं. प्रत्येक खात्याला नांव, प्रत्येकाची चालविण्याची तऱ्हा स्वतंत्र, आणि गर्दी होईल तिकडेच यंत्राचे जादा हात लावण्याची सोय. पण माहितीची कोठी, जिला डेटास्टोअर म्हणतात, ती साऱ्यांना सामाईक. प्रत्येक खात्याच्या सूचना एकेका लहानशा फायलीत लिहिलेल्या असतात. या फायलींना ‘यामल’ म्हणतात. ज्या खात्याला नांव दिलेलें नसतें तें ‘डिफॉल्ट’, म्हणजे घरांतील वडील भाऊ. कोणाचा कोण तें न सांगतां दारीं आलेला पाहुणा त्याच्याच समोर येतो. या खात्यांना पुढें ‘मॉड्यूल’ हें नांव जाऊन ‘सर्व्हिस’ हें नांव पडलें, वस्तु तीच.

आमच्या वाचनालयाचीं तीन खातीं झालीं. पहिलें सभासदांना ग्रंथसूची दाखविणारें. दुसरें देवघेवीची नोंद ठेवणारें. यांत आम्ही व आमचे सहायक काम करीत असूं. तिसरें पत्रांचें: मुदत उलटून गेलेल्या ग्रंथांची यादी रोज काढून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर विद्युत्‌पत्र पाठवावयाचें, हें त्याचें काम.

घरची तालीम

नाटक रंगभूमीवर आणण्यापूर्वीं जशी तालीम, तशी ॲप्लिकेशन क्लाउडवर चढविण्यापूर्वीं घरच्या यंत्रावर त्याची तालीम करतात. त्यासाठीं ॲप इंजिनबरोबर ‘डेव्ह-ॲपसर्व्हर’ नांवाचें एक साधन मिळत असे. तें आपल्या संगणकालाच क्षणभर क्लाउडचें सोंग देतें. मग पडद्यावर स्वतःच्याच यंत्राचा पत्ता घालावयाचा. त्याला ‘लोकलहोस्ट’ म्हणतात, आणि आंकड्यांत तो 127.0.0.1 असा असतो. एका पत्त्यावर अनेक दारें असूं शकतात व प्रत्येक दाराला क्रमांक असतो. डेव्ह-ॲपसर्व्हर पहिल्या खात्याला 8080 क्रमांकाचें दार देतो, दुसऱ्याला 8081, तिसऱ्याला 8082. शिवाय 8000 क्रमांकाच्या दाराआड कारभाऱ्याची खोली असते. कोठीत काय सांठलें आहे, कोणतीं कामें वेळापत्रकावर आहेत, तें तेथें बसून पाहतां येतें.

एवढें मात्र ध्यानांत ठेवावयाचें कीं, हा सर्व्हर सुरू करतांना ज्या ज्या खात्याची यामल फाईल आपण नांवानिशीं सांगूं, तींच खातीं उभीं राहतात. एकाच फायलीचें नांव घेतलें तर एकच खातें जागें होतें. उरलेलीं दोन निजलेलीं आहेत असें तो आपण होऊन सांगत नाहीं. न बोलाविलेल्या पाहुण्याची चौकशी यजमान तरी कशाला करील?

दिवाळीच्या सुटीच्या शेवटल्या रात्रीं पुतण्यानें सर्व्हर सुरू केला, तेव्हां पहिल्याच फायलीचें नांव दिलें. 8080 चें दार उघडलें. ग्रंथसूची झळकली, शोध केला, ग्रंथ सांपडला. सारें घर भोंवतीं जमलें होतें. तो म्हणाला, “काका, बाकीचीं दोन खातीं याच धाटणीचीं आहेत. आणखी पाहावयाचें का?” त्याला पहांटेची गाडी गांठावयाची होती. आम्हीं मोठ्या ऐटींत उत्तर दिलें, “अरे, शितावरून भाताची परीक्षा!” सर्वजण हंसले. दुसऱ्या दिवशीं ॲप्लिकेशन क्लाउडवर चढलें.

वहिनींची पिशवी

चवथ्या दिवशीं दुपारीं आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या पत्नी वाचनालयांत आल्या. सत्तरी उलटलेली, हातांत कापडी पिशवी. आम्ही उठून उभे राहिलों. त्यांनीं पिशवींतून ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत काढून मेजावर ठेविली, आणि शेजारीं पदराच्या गांठीतून सोडलेल्या नोटा व नाणीं मांडलीं.

“भावजी, 84 रुपये बरोबर आहेत ना, मोजून घ्या,” त्या म्हणाल्या. “मुलीच्या फोनवर ह्यांच्या नांवाचें पत्र आलें. चार दिवस तेंच येतंय. दंड वाढत जाईल असं त्यांत लिहिलंय. ह्यांनीं कधीं कुणाचं ठेवून घेतलं नाहीं हो.”

आम्हांला काय बोलावें तें सुचेना. हे आमचे स्नेही वर्षानुवर्षें वाचनालयाचे सभासद. आजारांत ती प्रत त्यांच्या उशाशीं होती. ते गेल्यावर कार्यकारी मंडळानें ठराव केला होता कीं, त्यांचें खातें बंद करावें, ग्रंथ वहिनींकडेच राहूं द्यावा, व त्याविषयीं त्यांना कांहीं विचारूं नये. हा ठराव आम्हीं स्वतः लिहिला होता, व नव्या ॲप्लिकेशनच्या देवघेव-खात्यांत त्यांच्या नांवापुढें ‘दिवंगत’ अशी खूणहि आम्हींच केली होती. असें असतां त्या मृत गृहस्थाला आमच्याच सहीचें दंडाचें पत्र रोज जात होतें.

वहिनींना आम्हीं हात जोडले. पैसे त्यांच्या पिशवीत परत घातले. ग्रंथ मात्र त्या घेईनात. “आतां इथं कुणी वाचील तरी,” असें म्हणून त्या गेल्या.

घरीं काय दिसत नाहीं

त्याच रात्रीं पुतण्याला फोन केला. तो रागावला नाहीं कीं सारवासारव करीत बसला नाहीं. शनिवारीं गाडी पकडून आला, आणि दोघे मिळून चूक शोधावयास बसलों. ती एक नव्हती. एकीच्या आड दुसरी अशी ती सांखळी होती. अशा कामांत पडणाऱ्या घरोघरच्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून ती क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट अशी कीं, प्रत्येक खात्याच्या फडताळांत सभासदाच्या नोंदीचा नमुना निराळा उतरून ठेविलेला होता. कोठी सामाईक, पण कोठींतील डब्यांवरील नांवें वाचण्याची चोपडी तिघांची वेगळी. ‘दिवंगत’ हें सदर आमच्या सांगण्यावरून मागाहून घातलें, तें देवघेव-खात्याच्या चोपडींत गेलें. पत्रखात्याच्या चोपडींत गेलें नाहीं. पत्रखातें कोठींतून नोंद काढी, त्यांतील अनोळखी सदर निमूटपणें ओलांडी, आणि पत्र लिही. यंत्रानें कोठेंहि तक्रार केली नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें कांहींच बिघडलें नव्हतें.

दुसरी गोष्ट, तिन्ही खातीं एकत्र उभीं करून पाहिलीं असतीं तरी ही चूक आपोआप दिसली नसती. वेळापत्रकानें होणाऱ्या कामाला ‘क्रॉन’ म्हणतात. क्लाउडवर तें ठरल्या वेळीं न चुकतां होतें. घरचा डेव्ह-ॲपसर्व्हर मात्र तें आपण होऊन करीत नाहीं. 8000 च्या दाराआड जाऊन, यादींतील कामासमोरची कळ आपल्या हातानें दाबावी लागते.

तिसरी, कळ दाबली तरी घरच्या सर्व्हरवरून विद्युत्‌पत्र खरोखर जात नाहीं. टपालाची व्यवस्था मुद्दाम जोडून दिली नसेल तर पत्र पाठविल्याची नोंद तेवढी काळ्या पडद्यावर उमटते. ही सोय उत्तमच आहे. नाहीं तर प्रत्येक तालमीला गांवभर पत्रें गेलीं असतीं. पण ती नोंद वाचील त्यालाच तिचा उपयोग.

चवथी गोष्ट वेळेची. पत्रें सकाळीं 9 वाजतां जावींत असें वेळापत्रकांत लिहिलें होतें. प्रत्यक्षांत तीं दुपारीं अडीचला, ऐन वामकुक्षीच्या वेळीं जात. कारण वेळापत्रकांत प्रदेशाचें नांव सांगितलें नाहीं तर ॲप इंजिन जागतिक प्रमाणवेळ धरतें, व आपली घड्याळें तिच्यापुढें साडेपांच तास आहेत. वेळापत्रकांत ‘एशिया/कोलकाता’ असे दोन शब्द घालतांच हा दोष गेला.

याच बैठकींत पुतण्यानें आणखी कांहीं भेद दाखविले. त्यांपासून आम्हांला त्रास झाला नाहीं, परंतु तो होऊं शकला असता. घरच्या सर्व्हरवर प्रवेश करतांना गुप्त शब्द विचारला जात नाहीं. वाटेल तो पत्ता लिहावा, ‘मी व्यवस्थापक आहें’ अशी खूण करावी, कीं दार उघडतें. त्यामुळें क्लाउडवरील दाराची कडी खरोखर लागते कीं नाहीं हें घरीं कळत नाहीं. क्लाउडवर सूची-खात्यासारख्या खात्याला एका मागणीचें उत्तर 60 सेकंदांच्या आंत द्यावें लागत असे. घरीं ही मर्यादा जाणवत नसे. कोठींतून क्रम लावून माहिती काढावयाची तर अनुक्रमणिका लागते. ती घरचा सर्व्हर प्रेमळ आजीप्रमाणें न मागतां करून देतो. क्लाउडवर ती आधीं चढवावी लागते व तयार होईपर्यंत थांबावें लागतें. तोंवर उत्तराऐवजीं दोषच पदरांत पडतो.

आणि शेवटची गोष्ट, जी आमच्या मनाला सर्वांत लागली. घरच्या कोठींत तालमीपुरते पांच कल्पित सभासद घातलेले होते. पुतण्यानें तीं नांवें वाचून दाखविलीं. पांचहि जण वेळेवर वर्गणी देणारे, पत्ते बिनचूक असलेले, आणि पांचहि जण धडधाकट. त्यांत एकहि गांव सोडून गेलेला नव्हता, कीं मृत नव्हता. आम्ही दोघेहि कांहीं वेळ गप्प बसलों. मग तो म्हणाला, “काका, माझ्या यादींत कुणी मेलंच नव्हतं.” आम्ही म्हणालों, “आणि माझ्या ठरावांत होतें, तें मी तुला तालमीच्या वेळीं सांगितलें नाहीं.” दोष त्याच्या यंत्राचा नव्हता, आणि त्याचा एकट्याचाहि नव्हता. विशीं-पंचविशींतल्या मुलाच्या कल्पनेंत मरण कोठून यावें? तें आणून देणें वडील माणसांचें काम होतें, आणि आम्हीं तेथें एक म्हण फेंकून काम उरकलें होतें.

पुन्हां परीक्षा

मग रीतसर तालीम झाली. प्रथम तिन्ही यामल फायली एकाच फडताळांत आणल्या, म्हणजे नोंदीचा नमुना तिघांना मिळून एकच राहिला. चोपडी एक, वाचणारे तीन. नंतर सर्व्हर सुरू करतांना तिन्ही फायलींचीं नांवें दिलीं, आणि कोणतें खातें कोणत्या दारीं उभें राहिलें याच्या तीन ओळी पडद्यावर उमटतात, त्या मोठ्यानें वाचल्या. तिसरी ओळ वाचल्याशिवाय पुढें जावयाचें नाहीं असा नियम केला. देवघेव-खात्याच्या दारांतून आंत जाऊन एका सभासदाची नोंद बदलली, आणि ती पत्रखात्याच्या दारांतून तशीच दिसते ना, हें पाहिलें. आंतल्या खोलीत ठेविलेली वस्तु परसदारानें आलेल्याला सांपडते कीं नाहीं, हीच सामाईक कोठीची खरी परीक्षा. शेवटीं 8000 च्या खोलीत शिरून पत्रांची कळ दाबली, आणि काळ्या पडद्यावरील नांवें एकेक करून आमच्या कागदावरील यादीशीं ताडून पाहिलीं.

कल्पित सभासदांची संख्याहि वाढली. एक परगांवीं गेलेला, एक पत्ता चुकलेला, एक सारख्या नांवाचे बाप-लेक, आणि एक दिवंगत. ही यादी मात्र पुतण्यानें केली नाहीं. ती आम्हीं, आमच्या सौ.नीं व वाचनालयाच्या वृद्ध शिपायानें मिळून केली. आमच्या घरच्या मंडळींना यामल म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. पण गांवांत माणसांच्या बाबतींत काय काय होऊं शकतें, हें त्यांना जितकें ठाऊक होतें तितकें पुण्याच्या कोणत्याहि कचेरींत नव्हतें.

या गोष्टीला आतां बरींच वर्षें झालीं. ज्या पायथॉनच्या आवृत्तीवर आमचें ॲप्लिकेशन उभें होतें तिची देखभाल 1 जानेवारी 2020 रोजीं संपली, आणि ॲप इंजिनवरील त्या जुन्या व्यवस्थेचा पाठिंबाहि 2024 च्या जानेवारींत गूगलनें थांबविला. त्याच्या आधींच पुतण्यानें वाचनालय नव्या व्यवस्थेवर नेलें. आतां घरच्या तालमींत प्रत्येक खातें स्वतंत्रपणें आपापल्या दारीं उभें करतात, आणि कोठीसाठीं ‘एम्युलेटर’ नांवाचें निराळें सोंग आणतात. साधनें बदललीं, नांवें बदललीं. परीक्षेचा न्याय बदलला नाहीं. जितकीं पातेलीं तितकीं शितें दाबून पाहावींत. आणि घरच्या चुलीवर जें शिजतच नाहीं, तें कोणतें, याची यादी भिंतीवर लावून ठेवावी.

वहिनींना आम्हीं दुसऱ्याच दिवशीं स्वहस्तें क्षमापत्र लिहिलें, आणि ज्ञानेश्वरीची ती प्रत घेऊन त्यांच्या घरीं गेलों. या वेळीं त्यांनीं ती ठेवून घेतली. पुढें कित्येक एकादशींना त्यांच्या ओटीवर ती उघडलेली आम्हीं पाहिली आहे.

आजहि पुतण्या ॲप्लिकेशनमध्यें कांहीं फेरफार करतो तेव्हां क्लाउडवर चढविण्यापूर्वीं आम्हांला फोन करतो. “काका, तिन्ही दारें उघडलीं. कळ दाबली. सहावा सभासद पाहिला.” हा सहावा म्हणजे आमच्या यादींतील तो दिवंगत. आम्ही विचारतों, “त्याला पत्र गेलें का?” तो म्हणतो, “नाहीं गेलं.” मग आम्ही म्हणतों, “चढीव.”